सज्ञान आणि बेपत्ता

सतरा वर्षांचा मुलगा घरातून नाहीसा झाला, तर पोलीस ठाण्यात थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. बेपत्ता बालकाला कोणी तरी पळवलं आहे असं धरूनच तपासाला लागा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये बजावलेलं आहे. अठरा पूर्ण झाली की चित्र पालटतं. सज्ञान माणूस आपल्या मर्जीने कुठेही जाऊ शकतो, म्हणून सहसा गुन्हा दाखल होत नाही. ‘मनुष्य मिसिंग’च्या रजिस्टरात एक नोंद होते आणि एका अंमलदाराकडे तपास जातो. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. सासरच्या जाचाला कंटाळून निघून गेलेल्या बाईला पोलिसांनी हाताला धरून परत आणू नये, यासाठी ते हवंच. पण स्मृतिभ्रंश झालेले आजोबा, मतिमंद असलेला तीस वर्षांचा मुलगा, औषधं बंद केल्यावर भास होऊ लागलेली बाई, ही सगळी कागदोपत्री सज्ञानच. मर्जीने जाण्याइतकं भान त्यांना आहे का, हे वयाच्या रकान्यावरून कळत नाही.

म्हणून तक्रार देताना पहिलं वाक्य आजाराचं असावं. ‘वडील काल संध्याकाळपासून घरी आले नाहीत’ आणि ‘वडिलांना अल्झायमर आहे, स्वतःचा पत्ता सांगता येत नाही’ या दोन तक्रारींची निकड सारखी नसते. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडावी. ‘चोवीस तास थांबा, मग या’ असा कायदा कुठेही नाही. ठाण्यात कोणी तसं म्हणालं तरी ऐकू नये. जीवाचं बरंवाईट करण्याची भीती असेल, घरात चिठ्ठी सापडली असेल, तर आधी 112 ला फोन करावा आणि चिठ्ठी पोलिसांच्या हाती द्यावी. नातेवाइकांच्या गटावर फिरवू नये.

शोधायचं कुठे, याचा बराच अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट कोस्टर या अमेरिकन संशोधकाने जगभरातल्या शोधमोहिमांच्या नोंदी गोळा करून, कोणत्या प्रकारचा माणूस हरवल्यावर कसा वागतो हे मांडलं. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुतेकदा घरापासून फार लांब सापडत नाही. तो समोर दिसेल त्या वाटेने चालत राहतो आणि कशात तरी अडकला की थांबतो: झुडूप, चर, कुंपण, ओढ्याचं पात्र. मुख्य म्हणजे तो हाकेला ओ देत नाही आणि मदतही मागत नाही, कारण आपण हरवलो आहोत हेच त्याला ठाऊक नसतं. तेव्हा नावाने हाका मारत फिरण्यापेक्षा डोळ्यांनी तपासत जाणं भाग आहे. आधी स्वतःच्याच घराचे कोपरे, गच्ची, पाण्याची टाकी, जिन्याखालची जागा, बंद पडलेली गाडी. मग इमारतीचं आवार आणि तिथून निघणारी प्रत्येक वाट, कडेच्या गचपणासकट. आपल्याकडे गावात असाल तर उसाचा फड धरा. दहा फूट उंच उसात बसलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही, ड्रोनमधूनही क्वचितच. जत्रेत किंवा वारीत ध्वनिक्षेपकावरून नाव पुकारतात, तेव्हाही नावासोबत वर्णन सांगायला लावावं: पांढरा सदरा, डाव्या पायात चप्पल नाही, हातात काळी छत्री. नाव ऐकून ते स्वतः येणार नाहीत, वर्णन ऐकून शेजारी उभा असलेला माणूस त्यांना आणील.

दुसरी दिशा जुन्या आयुष्याची. आजार वाढतो तशा अलीकडच्या आठवणी आधी जातात, जुन्या टिकतात. निवृत्त गिरणी कामगार सकाळच्या पाळीला म्हणून निघतो. गिरणीच्या जागी मॉल उभा आहे हे त्याच्या हिशेबात नसतं. ब्रिटनमधल्या पोलिसांनी यावर एक साधा उपाय काढला. त्याला हर्बर्ट प्रोटोकॉल म्हणतात. नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेले जॉर्ज हर्बर्ट नावाचे सैनिक म्हातारपणी स्मृतिभ्रंशाने आजारी होते, त्यांचं हे नाव. रुग्ण हरवण्याआधीच घरच्यांनी एक फॉर्म भरून ठेवायचा: अलीकडचा फोटो, औषधं, जुने पत्ते, जुनी नोकरी, आवडीच्या जागा, आधी कधी हरवले तर कुठे सापडले. प्रसंग आलाच तर तो कागद तसाच पोलिसांना द्यायचा.

मराठी घरात अशा कागदावर आणखी एक ओळ लागेल: माहेरचं नाव. पंच्याऐंशी वर्षांच्या आजींना कोणी रस्त्यात नाव विचारलं, तर त्या लग्नाआधीचं नाव आणि माहेरचं गाव सांगण्याची शक्यता मोठी. काही घरांत लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं असतं. घरचे शोधतात ‘सुमन कुलकर्णी, पुणे’ आणि कुठल्या तरी रुग्णालयाच्या वहीत लिहिलेलं असतं ‘कृष्णा जोशी, वाई’ (ही नावं उदाहरणापुरती). दोन्ही नोंदी खऱ्या, पण त्या एकमेकींना भेटत नाहीत. तेव्हा तक्रारीत दोन्ही नावं लिहून घ्यायला लावावीत.

माझ्या मते न सुटलेल्या प्रकरणांचं कोडं बरंचसं इथेच आहे. पहिले काही दिवस शोध रस्त्यावर असतो, त्यानंतर तो कागदांत असतो. बेपत्ता माणूस बहुधा कोणाच्या तरी वहीत आलेला असतो, फक्त ‘अनोळखी इसम, वय अंदाजे 60’ म्हणून. रेल्वेत बसून गेला असेल तर ती वही लोहमार्ग पोलिसांची. त्यांची ठाणी आणि हद्द वेगळी. रस्त्यात बेशुद्ध सापडला तर सरकारी रुग्णालयाची. भीक मागताना दिसला तर 1959 च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली त्याला भिक्षेकरी गृहात नेलेलं असू शकतं. मुंबईत असं गृह चेंबूरला आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं ही आणखी चार ठिकाणं. आणि मृतदेह मिळाला असेल तर तो ‘अकस्मात मृत्यू’च्या नोंदीत असतो. मिसिंगची नोंद एका ठाण्यात आणि अकस्मात मृत्यूची चारशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या ठाण्यात असेल, तर संगणकाची जोडणी असूनही कोणी तरी दोन्ही पुढ्यात घेऊन बसल्याशिवाय मेळ लागत नाही. नातेवाइकांनी या प्रत्येक दारात फोटो घेऊन जावं, जमलं तर तपासी अंमलदाराच्या पत्रासह, आणि काही महिन्यांनी पुन्हा जावं. शवागारात चौकशी करणं अशुभ वाटतं, म्हणून घरचे ती शेवटपर्यंत टाळतात. ते समजण्यासारखं आहे, पण बेवारस देहाचे अंत्यसंस्कार त्यांची वाट पाहत थांबत नाहीत.

उलट्या बाजूनेही कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 100 प्रमाणे, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी मनोरुग्ण व्यक्ती भटकताना आढळली, तर पोलिसांनी तिला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं असतं. कोठडीत ठेवायचं नसतं. शिवाय ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणं हे ठाणे प्रमुखाचं कर्तव्य आहे. ही तरतूद नागरिकांना फारशी माहीत नाही, आणि खरं तर तक्रारीइतकीच ती उपयोगाची आहे. चौकात महिनोन् महिने दिसणारा, जटा वाढलेला माणूस हा कुठल्या तरी जिल्ह्यातला ‘मनुष्य मिसिंग’ असू शकतो. निराधार ज्येष्ठ दिसले तर 14567 या एल्डरलाइनवरही कळवता येतं.

डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी 1988 मध्ये सुरू केलेलं श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन हेच काम करतं. कर्जतच्या त्यांच्या केंद्रात रस्त्यावरच्या मनोरुग्णांना आणून आधी उपचार केले जातात. औषधांनी मन ताळ्यावर येऊ लागलं की माणूस तुकड्या-तुकड्यांनी बोलतो: नदीचं नाव, बाजाराचा वार, शाळेजवळचं देऊळ. त्यावरून राज्य, जिल्हा, गाव असा माग काढून कार्यकर्ते त्याला घरापर्यंत सोडून येतात. 2018 मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मात्र हा मार्ग उपचारांनी आठवणी परत येणाऱ्यांसाठी आहे. स्मृतिभ्रंशात त्या येत नाहीत.

जो बोलूच शकत नाही, त्याच्यासाठी कधी कधी आधार कामी येतं, तेही आडवळणाने. संस्थेने अशा व्यक्तीचं नवं आधार काढायला घेतलं आणि तिचे ठसे आधीच नोंदलेले असले, की अर्ज दुबार म्हणून फेटाळला जातो. म्हणजे जुनं आधार कुठे तरी आहे. त्यावरून घर सापडल्याची उदाहरणं नागपूरच्या आधार सेवा केंद्रात घडली आहेत. पोलिसांना मात्र ठसे देऊन थेट शोध मागता येत नाही. बायोमेट्रिक माहिती उघड करायला आधार कायदाच मनाई करतो.

काहीच हाती लागलं नाही तर सात वर्षांचा नियम येतो. ज्यांच्या कानावर खबर यायला हवी त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही, तर मृत्यू झाल्याचं गृहीत धरता येतं. पूर्वी पुरावा कायद्यात असलेला हा नियम आता भारतीय साक्ष अधिनियमात आहे. सात वर्षं भरली म्हणून दाखला आपोआप मिळत नाही. सहसा दिवाणी न्यायालयात दावा लावून तसं ठरवून घ्यावं लागतं. शिवाय मृत्यू कधी झाला, हे त्यात गृहीत धरलं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये आयुर्विम्याच्या एका प्रकरणात हेच सांगितलं: माणूस बेपत्ता झाला त्याच दिवशी वारला असं मानता येणार नाही, आणि मधल्या काळात हप्ते थकून पॉलिसी बंद पडली असेल तर वारसांना पूर्ण रक्कम मागता येणार नाही. म्हणून घरातलं सज्ञान माणूस बेपत्ता असेल, तर त्याच्या विम्याचे हप्ते चालू ठेवावेत.