लेकरू आपल्याकडे, कागद मात्र गावाकडे

जूनअखेर शाळा उघडल्या, की आपल्या भंडाऱ्यातल्या, तुमसर-साकोलीतल्या कितीतरी घरांत एक ताट वाढते. लाखांदूर-पवनीकडच्या खेड्यातला बहिणीचा मुलगा शिकायला आलेला असतो. कुठे दीर-जाऊ कामासाठी नागपूरला गेलेले, नि पुतणी मोठ्या आईजवळ. तुम्ही डबा करता, अभ्यास घेता, अंग कणकणले तर काढा देता. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, त्या मुलाचे नाव असलेले रेशन कार्ड कुठे आहे, ठाऊक आहे तुम्हाला?

समजा, रात्री अकरा वाजता त्या दहा वर्षांच्या भाच्याचे पोट असह्य दुखू लागले. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स आहे, ऑपरेशन करावे लागेल. लगेच पुढचा प्रश्न, "तुम्ही आई का?" "नाही हो, मावशी." "मग सही कोण करणार?" गावी रोवणी चाललेली, बहिणीचा फोन लागत नाही. हातपाय गळतात अशा वेळी.

घाबरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २७ वे कलम बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेल्या उपचाराला संरक्षण देते. संमती पालकाची चालते, तशीच मूल ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याचीही. आणि संमती मिळवायला वेळच नसेल, तर ३० वे कलम डॉक्टरांच्या पाठीशी आहे. जुन्या दंडसंहितेतही हे होतेच.

पण ताबा कायदेशीर आहे, हे दाखवायचे कसे? म्हणून मूल घरी येईल त्याच दिवशी आईवडील दोघांच्या सहीचे पत्र घ्या. मूल कधीपासून, कशासाठी तुमच्याकडे आहे आणि उपचाराला संमती द्यायची मुभा तुम्हाला आहे, एवढे त्यात असू द्या. नोटरी केले तर उत्तमच. आपल्याकडे कागद मागितला की माणसे दुखावतात, "विश्वास नाही का माझ्यावर?" म्हणतात. दुखावू देत थोडी! मूल बारा वर्षांवरचे असेल, तर पत्र अधिकच जपा. अठरा पुरी होईपर्यंत इस्पितळे पालकाची सही मागतातच.

या पत्राने तुम्ही पालक होत नाही, हेही समजून असा. हिंदू कुटुंबात १९५६ च्या कायद्याने नैसर्गिक पालक आईवडीलच. जबाबदारी मात्र कागदावाचूनही तुमच्यावर येते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७५ वे कलम, मूल ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याने जाणूनबुजून हयगय केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही सांगते.

आता खर्चाचे. यजमानांच्या मेडिक्लेममध्ये भाचा आपोआप येत नाही. अशा पॉलिसीत सहसा पती-पत्नी आणि स्वतःची मुले असतात. कंपनीला लेखी विचारा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण रेशन कार्डावर नाव लागते. भाच्याचे नाव बहिणीच्या कार्डावर, म्हणजे तुमचे कार्ड तेथे कामाचे नाही. तिच्या कार्डाची नि मुलाच्या आधारची झेरॉक्स आजच मागवा.

मुक्काम वर्षानुवर्षांचा होणार असेल, किंवा आईवडील हयात नसतील, तर पत्र पुरत नाही. मूल जेथे नेहमी राहते तेथल्या जिल्हा न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करावा. हा कायदा सर्व धर्मांना लागू आहे. निकालाला वेळ लागला, तरी १२ व्या कलमाखाली तात्पुरत्या ताब्याचा हुकूम मिळू शकतो. कोविडमध्ये दोन्ही पालक गमावलेल्या आणि पीएम केअर्स योजनेत नोंदलेल्या मुलांना तर अठरा वर्षांपर्यंत पाच लाखांचा आरोग्य विमा आहे. तुमच्या घरी असे मूल असेल, तर ते कार्ड हाताशी आहे ना, पाहा.

सारे कागद लसीच्या कार्डासह एकाच पिशवीत ठेवा, आणि पिशवी कुठे आहे ते यजमानांनाही सांगून ठेवा. पत्र लिहून घेताना मुलाला कोणते औषध सोसत नाही, तेवढे मात्र बहिणीला विचारून त्यात लिहायला लावा. ते तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसते.