दुसरी यादी

मंडळी, आपल्या नांदेड-लातूरकडे सोयरीक जुळली की यादी होते. ओसरीवर सतरंजी अंथरतात, दोन्हीकडची जाणती माणसं समोरासमोर बसतात आणि ज्याचं अक्षर बरं तो वही पुढं ओढतो. हुंडा किती, सोनं किती तोळे, बस्ता कुणाकडं, मांडव कुणाच्या दारी, मानपान कुणाकुणाचा, हे सगळं लिहून चारचौघांत मोठ्यानं वाचलं जातं. माझं अक्षर बरं, म्हणून मीही अशा बऱ्याच याद्या लिहिल्या. कविता करणाऱ्याला गावात एवढाच काय तो मान! आमच्या समाजातही बोलणी याच धर्तीवर होतात. निकाहात मेहर नवऱ्यानं बायकोला द्यायचा असतो, जहेज मागायला धर्मात आधार नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी पलंग, कपाट आणि मोटारसायकल यादीवर येतातच.

वाईट दिवस आले की ही यादी संसाराचं काय करते, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

हिशोब साधा आहे. आपल्याकडं दिवाळीच्या सुमारास सोयाबीन अडतीवर जातं आणि त्यामागून लग्नसराई लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं होतं. तेव्हा घरात माल शिल्लक असणारे थोडेच होते, ही गोष्ट वेगळी. सोनं त्या वेळी तोळ्याला अठ्ठेचाळीस हजारांच्या आसपास होतं, म्हणजे पाच क्विंटलला एक तोळा. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला, पण बाजारातला भाव त्याच्याही खाली राहिला. पुढं २०२५ मध्ये सोन्यानं तोळ्याला लाखाचा आकडा ओलांडला. त्या भावानं एका तोळ्याला वीस क्विंटलहून जास्त सोयाबीन लागतं. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच-सात क्विंटल धरलं, तर तीन-चार एकरांचं अख्खं पीक एका तोळ्यात गेलं. यादीवर मात्र ‘पाच तोळे’ तसेच राहतात, कारण शेजारच्यानं आपल्या लेकीला तेवढे घातलेले असतात.

मग बाप काय करतो? काही जण लग्न पुढं ढकलतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलो नाही. त्या वर्षी मांडव घालणाऱ्यानं आधी टँकर ठरवला आणि मग आचारी. बऱ्याच जणांनी ‘पुढच्या साली बघू’ म्हटलं. काही जण ‘यादी पे शादी’ करतात, म्हणजे यादीला जमलेल्या पाहुण्यांतच त्याच दिवशी अक्षता टाकून मोकळे होतात. ही चाल चांगली आहे. मान राहतो आणि जेवणावळ वाचते.

पण काही जण घाई करतात, आणि ती घाई पोरीच्या जिवावर येते. मुलगी लहान असली तर हुंडा कमी पडतो, खाणारं एक तोंड कमी होतं, ऊसतोडीला जाताना वयात आलेल्या पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं हा घोर मिटतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, बीडकडं आणि आपल्या अहमदपूर, जळकोट, कंधार, मुखेडकडं, आणखी एक कारण असतं. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो आणि उचल त्या जोडीला मिळते. एकट्या पोराचं लग्न लावलं की कोयता पुरा होतो. लग्नाला वय मुलीचं अठरा, मुलाचं एकवीस हा कायदा आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात सुमारे २२ टक्के निघाल्या. बीडमध्ये त्या जवळपास ४४ टक्के होत्या आणि परभणीत ४८.

दुसऱ्या टोकाला शेती करणाऱ्या पोरांना बायको मिळेना झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवासारखे सजून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले. लोक हसले. पण ज्या बापानं स्वतः शेतीत हाल काढले, तो लेकीला शेतकऱ्याच्या घरी द्यायला धजत नाही. यात हसण्यासारखं काय आहे?

यापेक्षा कठीण गोष्ट लग्नानंतर घरात घडते. यादी चारचौघांत वाचली जाते, पण ती पुरी करण्यासाठी काढलेल्या कर्जाची यादी कुणीच वाचत नाही. बँकेचं किती, सावकाराचं किती, कोणत्या महिन्यात कुणाला द्यायचंय, हे घरधनी एकटाच पोटात ठेवतो. चिडचिड वाढते. बायकोला वाटतं, आपलंच काही चुकलं. आपल्याकडं जीव दिलेल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या बायकांना कर्जाचा आकडा कळला तो दिवस झाल्यावर, पैसे मागणारे दारात आले तेव्हा. आणि मुली? त्यांना न सांगताही कळतं. एप्रिल २०१७ मध्ये लातूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या एकवीस वर्षांच्या मुलीनं बापावर लग्नाचा भार नको म्हणून आपला जीव दिला. तिच्या घराला भार वाटणारी पोर नको होती, हे तिला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर!

मी शहाणपण सांगतोय, पण मीही त्यातलाच. धाकट्या बहिणीच्या निकाहाच्या वेळी मी बायकोच्या बांगड्या तिला न विचारता गहाण टाकल्या. पुढं दोन महिने घरात मी कुणाशी धड बोललो नाही. एके दिवशी धुवायला टाकलेल्या सदऱ्याच्या खिशात तिला पावती सापडली. ती रडली नाही, भांडली नाही. पावती माझ्यापुढं ठेवून एवढंच म्हणाली, “बांगड्या माझ्या, मग पावती तुमच्या नावाची कशी?” मी गप्प. थोड्या वेळानं आपल्या दखनीत म्हणाली, “मेरेकू पूछते तो मैंच निकालके देती ना.” त्या रात्री आम्ही वहीत सगळं देणं लिहून काढलं. आकडा तोच होता, पण आता तो दोघांचा होता. किराण्यातलं काय कमी करायचं, हे तिनं माझ्यापेक्षा लवकर सांगितलं. बांगड्या सुटायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत आमचं बोलणं मात्र बंद पडलं नाही.

म्हणून माझं सांगणं इतकंच. पहिली यादी छोटी करा. सामुदायिक विवाहाला, नोंदणी विवाहाला सरकारी अनुदान आहे. ते घेण्यात कमीपणा नाही. २०२० च्या टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्नं झाली, ते संसारही चाललेच आहेत. आणि दुसरी यादी, देण्याची, घरात सगळ्यांसमोर वाचा. बायको ऐकेल, शिकणारी पोरं ऐकतील, म्हातारी आईसुद्धा ऐकेल. दुष्काळ आपल्या हातात नाही, बाजारभाव नाही. वही आपल्या घरातली आहे.

परवा शेजारच्या गावात पुन्हा यादी लिहायला बोलावलं होतं. लिहून झाल्यावर मी मुलीच्या बापाला बाजूला घेऊन विचारलं, “पाटील, हे आणणार कुठून, ते वहिनींना सांगितलंय का?” ते बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग आत गेले आणि परत येऊन म्हणाले, “भाई, वही जरा परत द्या. दोन तोळे खोडायचेत.”