दीड महिन्याचे आयुष्य

रामटेकच्या शांतिनाथ जिनालयाच्या दर्शनास येणाऱ्या भाविकाचा ब्रॉयलर कोंबडीशी काय संबंध, असा प्रश्न साहजिक आहे. त्याच्या ताटात तिला स्थान नाही. परंतु कुक्कुटपालन हा नागपूर जिल्ह्यातील अनेक शेतकरी कुटुंबांचा जोडधंदा आहे, आणि त्यास लागणारा मका, सोयाबीनची पेंड व भांडवल व्यापारी पेठांतून आणि बँकांतूनच जाते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘बंध’ व ‘अन्नपाननिरोध’ यांची गणना होते. हे दोन्ही शब्द या धंद्यास अक्षरशः लागू पडतात.

प्रथम बंध. ब्रॉयलर पिल्लू सुमारे ४० ग्रॅम वजनाचे येते आणि ५ ते ६ आठवड्यांत २ किलोंच्या पुढे जाते. आरंभी मोकळी भासणारी शेड अखेरीस खचाखच भरते. खाली पसरलेले धानाचे तूस विष्ठेने ओले होते, अमोनिया सुटतो, तळपायांना व्रण पडतात. कोंबडीस घामाच्या ग्रंथी नसतात. धापा टाकूनच ती उष्णता बाहेर टाकते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा दाटीत वारा फिरत नाही. खाणे मंदावते, वाढ खुंटते, मरतुक वाढते. तरीही मोह सुटत नाही. कारण प्रत्येक पक्ष्याचे वजन थोडे घटले तरी शेडमधून निघणारे एकूण वजन वाढते, आणि हिशेब वजनावरच होतो.

युरोपीय संघाने २००७ मध्ये दर चौरस मीटरला ३३ किलो ही मर्यादा ठरविली. अधिक अटी पाळल्यास ती ४२ किलोंपर्यंत जाते. भारताच्या विधी आयोगानेही जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात या पक्ष्यांच्या निगेसाठी नियमांचा मसुदा सुचविला. ऑक्सफर्डच्या मारियन डॉकिन्स व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखविले, की केवळ संख्येपेक्षा हवा, ओलावा आणि तापमान यांचा परिणाम अधिक होतो. मात्र अतिदाटीत पक्ष्यांची चाल बिघडते.

दुसरा प्रश्न जन्मापूर्वीचा आहे. पेरेंट कोंबडी साधारण २५ व्या आठवड्यापासून अंडी देते. तरुण कोंबडीचे अंडे लहान, म्हणून पिल्लूही लहान. कारण त्याचे वजन अंड्याच्या सुमारे दोन तृतीयांश असते. पहिल्या आठवड्यात अंगची ऊब राखणे त्यास जड जाते. वयस्क कोंबडीचे अंडे मोठे असते, पण कवच पातळ होते आणि उबवणीचे प्रमाण घटते. दोन्हींची पिल्ले एकाच शेडमध्ये आली की दुबळे पिल्लू पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचण्यात मागे पडते. करारावर पक्षी वाढविणाऱ्या शेतकऱ्यास पिल्ले कंपनीकडून मिळतात. मातांचे वय निवडणे त्याच्या हाती नसते.

आणि त्या मातांची स्थिती? शीघ्र वाढीसाठी निवडलेल्या या वाणास पोटभर खाऊ दिल्यास ती लठ्ठ होते, पाय अधू होतात, अंडी घटतात. म्हणून वाढीच्या काळात तिला भुकेपेक्षा पुष्कळ कमी, मोजून खाद्य मिळते. हाच अन्नपाननिरोध. सावकाश वाढणाऱ्या वाणांत ही उपासमार कमी लागते.

जीवदया केवळ पांजरपोळाच्या देणगीपुरती नसते. कर्ज मंजूर करणाऱ्याने, पेंड विकणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात : उन्हाळी बॅचमध्ये पक्षी कमी ठेवले का, तूस कोरडे आहे का, आणि पिल्ले एकाच वयाच्या मातांची आहेत का. या प्रश्नांनी पक्ष्याचे प्राण वाचणार नाहीत. पण त्याचे दीड महिन्याचे आयुष्य काहीसे सुसह्य होईल.