झुकायचं ते दरीकडे

घसाऱ्यावरून उतरताना सह्याद्रीतले जुने ट्रेकर नवख्यांना एकच गोष्ट ओरडून सांगतात: डोंगराला चिकटू नका, पायांवर उभे राहा. भीतीने माणूस मागे रेलतो, टाचेखालची खडी सुटते आणि तो बसकण मारतो. वर्षानुवर्षं हे इतरांना सांगत आले होते मी. तरी गुलमर्गला, गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, कोंगडोरी टप्प्यावरून खाली येताना, स्कीवर माझं शरीर नेमकं तेच करत होतं. शिकवणारा काश्मिरी मुलगा खालून हाका मारत होता, "पहाड़ को छोड़ो, नीचे देखो!"

सोप्या उतारावर वळणं जमली की हौशी स्कीअर खड्या उतारावर येऊन अडकतो. पुष्कळांना वाटतं, आपल्यात हिंमत किंवा ताकद कमी आहे. माझ्या मते खरी अडचण काही पक्क्या बसलेल्या समजुतींची असते.

"मागे झुकलं की वेग कमी होतो."

होतं बरोबर उलट. स्की मधे अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद असते. ती कडेवर कलवून वजन दिलं की वाकते आणि त्या कमानीच्या रेषेत वळते. या वळणाची सुरुवात पुढच्या भागाकडून होते. मागे रेललं की पुढचं टोक हलकं होतं, बर्फात चावत नाही आणि स्की सरळ खाली पळत सुटते. डोंगराच्या बाजूला कललं तरी तेच. वळणात पकड देते ती बाहेरची, म्हणजे दरीकडची स्की. डोंगराकडे कलल्यावर तिच्यावरचं वजन वरच्या स्कीवर जातं आणि तिची कड सुटते. ज्याला घाबरून मागे सरलो तो वेग आपणच वाढवून घेतो.

मग दरीकडे झुकायचं म्हणजे काय? कमरेत वाकायचं नाही. शरीर उताराशी काटकोनात ठेवायचं, नडग्या बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेल्या, दोन्ही हात स्वतःला दिसतील असे पुढे, छाती दरीकडे. नडगी आणि बूट यांच्यामध्ये दहाची नोट धरली आहे आणि ती पडू द्यायची नाही, असं मनात धरावं. नवीन वळण सुरू करताना क्षणभर आपण दरीत पडतोय असं वाटतं. तो क्षण टाळता येत नाही, पण तो फार छोटा असतो. बाहेरच्या स्कीने पकड घेतली की पायाखाली जमीन लागल्यासारखं वाटतं.

मागे बसण्याची किंमत गुडघाही मोजतो. अमेरिकेत व्हर्माँटमध्ये संशोधक कार्ल एटलिंजर यांनी स्कीवरच्या गुडघ्याच्या दुखापतींचा दीर्घ अभ्यास केला. त्यात एक ठरावीक स्थिती पुन्हा पुन्हा दिसली: नितंब गुडघ्यांच्या खाली, वजन मागे, एक हात मागे गेलेला आणि सगळा भार दरीकडच्या स्कीच्या आतल्या कडेवर. अशा वेळी स्कीची शेपटी तरफेसारखी पाय पिळते आणि गुडघ्यातलं लिगामेंट फाटतं. म्हणून पडू लागलात तर हात पुढे घ्या, आणि पूर्ण थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका.

"वेग आवरायचा तर ब्रेक लावायचा."

पहिल्या दिवशी शिकवलेला स्नो-प्लाउ, म्हणजे पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, सोप्या उतारावर उत्तम. खड्या उतारावर मांड्या काही मिनिटांत पेटतात आणि वेग काही आवरत नाही. वेग आवरतो वळणाच्या आकाराने. बर्फावर पाणी ओतलं तर ते ज्या रेषेत वाहील त्या रेषेवर कमीत कमी वेळ राहायचं आणि वळण अर्धवट न सोडता पूर्ण करायचं, स्की उताराला आडव्या होईपर्यंत. घाईने पुढच्या वळणात शिरलं की आधीच्या वळणाचा वेग पुढच्यात जमा होतो.

दुसरं हत्यार म्हणजे आडवी घसरण. स्की उताराला आडव्या ठेवायच्या, कडा किंचित सैल करून हळूहळू खाली घसरायचं, पुन्हा कडा रोवून थांबायचं. दिसायला क्षुल्लक वाटतं, पण हे ज्याला येतं तो न वळताही बहुतेक उतार सुखरूप उतरतो. त्या खात्रीनेच पुढच्या वळणाची भीती अर्धी होते. आणि हे सगळं आधी सोप्या उतारावर घोटायचं. खड्या उतारावर भीती शिकू देत नाही, फक्त जुन्या सवयी बाहेर काढते.

"तो उतार तर पंचेचाळीस अंशांचा होता!"

बहुधा नव्हता. वरून पाहताना डोळा उतार वाढवून सांगतो, शिवाय टक्के आणि अंश यांचा घोळ होतो. शंभर टक्के उतार म्हणजे 45 अंश. युरोपात बऱ्याच ठिकाणी 40 टक्क्यांपेक्षा तीव्र उताराला काळी खूण मिळते, म्हणजे जेमतेम 22 अंशांपासून पुढे. अमेरिकेतली काळ्या चौकटीची (ब्लॅक डायमंड) खूण त्या त्या ठिकाणच्या इतर उतारांच्या तुलनेत दिलेली असते. त्यामुळे एका डोंगरावरची काळी खूण दुसरीकडे निळी, म्हणजे कमी अवघड, ठरू शकते.

साहित्याबद्दल थोडक्यात. महागड्या स्कीपेक्षा पायात घट्ट बसणारा बूट जास्त कामाचा. भाड्याने घेताना लोक सैल बूट निवडतात, मग आत टाच उचलली जाते आणि पायाने दिलेला इशारा स्कीपर्यंत पोचतच नाही. खड्या उतारावर स्की सुटू नये म्हणून बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला जोडणारी पकड, आवळून घेणं तर धोक्याचं. ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत पाहून लावतात. वेळेवर सुटणारं बाइंडिंगच पाय वाचवतं.

"ताजा बर्फ मऊ, म्हणजे सुरक्षित."

इथे मात्र मला पोटतिडकीने सांगायचंय. गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, सुमारे 3,900 मीटरवर नेतो. तिथले उतार यंत्राने दाबून सपाट केलेले नसतात, ताजा बर्फ पडला तसाच असतो. हवा विरळ, मांड्या लवकर थकतात आणि थकलेला माणूस पुन्हा मागे बसू लागतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हिमप्रपात. ते बहुतेक 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात, म्हणजे चांगल्या स्कीअरला जे उतार खुणावतात त्यांच्यावरच. आणि बळी पडणाऱ्यांच्या बाबतीत बर्फाचा थर बहुतेकदा त्यांच्याच किंवा सोबत्याच्या वजनाने तुटतो. फेब्रुवारी 2023 मध्ये अफरवटवर हिमप्रपातात दोन पोलिश स्कीअर गेले.

म्हणून वर जायच्या सकाळी स्की पॅट्रोलची, म्हणजे गस्ती पथकाची, सूचना वाचा, बंद भागाची दोरी ओलांडू नका. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) आणि फावडं असू द्या आणि ते वापरायचा सराव खाली आधीच करा. बर्फाखाली गाडलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरून मदत येईपर्यंत तेवढा वेळ सहसा उलटून गेलेला असतो. शोधायचं आणि खणायचं ते सोबत असलेल्यांनीच.