शब्द वजा केल्यावर उरणारा माणूस

फोनवर पलीकडून नुसतं "हं, मी बोलतेय" एवढंच येतं आणि आपण विचारतो, "काय गं, बरं नाही का?" बोलणारी कोण हे तेवढ्यात कळलेलं असतं, आणि तिला सर्दी झालीय हेही. यात किती अवघड काम दडलंय, ते यंत्राला शिकवायला बसल्यावर कळतं.

गळ्यातले स्वरतंतू पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, स्त्रियांत दोनशेच्या आसपास. घशापासून ओठांपर्यंतची पोकळी, मोठ्या पुरुषात सुमारे 17 सेंटिमीटर लांबीची, त्यातले काही सूर उचलून धरते, काही दाबते. तिची घडण ज्याची त्याची वेगळी. पण "आ" म्हणता म्हणता "ई" म्हटलं की जीभ याच पोकळीचा आकार बदलते. शब्द घडतो तिथेच आणि माणूस ओळखू येतो तोही तिथेच! मग दोघांना वेगळं कसं काढायचं?

1962 मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी आवाजाचा आलेख बोटाच्या ठशासारखा वापरता येईल असं 'नेचर'मध्ये मांडलं. अमेरिकेत असे आलेख कोर्टातही पोहोचले. 1979 मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या अहवालाने मात्र सावधगिरीचा इशारा दिला, आणि तो योग्यच होता. बोटावरच्या रेषा बदलत नाहीत. आवाज दर वेळी नव्याने काढावा लागतो. एकच माणूस एकच शब्द दोनदा तंतोतंत सारखा उच्चारत नाही.

पुढे संगणकाने आवाजाचे जेमतेम 25 मिलिसेकंदांचे तुकडे पाडले आणि प्रत्येकाचं वर्णन काही आकड्यांत केलं. 2000 च्या सुमारास डग्लस रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी रूढ केलेली युक्ती मला फार सुंदर वाटते: आधी असंख्य लोकांच्या बोलण्यातून एक सर्वसाधारण आवाज घडवायचा, मग हा माणूस त्यापासून कुठे कुठे ढळतो ते मोजायचं. हे ढळणं लिहायला लाखभर आकडे लागत आणि त्यात माणसाबरोबर फोन, खोली, रस्त्यावरचा गोंगाट असं सगळं मिसळलेलं असे.

माँट्रियलमध्ये पॅट्रिक केनी यांनी त्याची फोड केली: एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला फोन आणि परिस्थिती. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या नाजिम देहाक यांनी दुसरा, टाकून द्यायचा भाग तपासून पाहिला. त्यातूनही माणूस ओळखू येत होता! मग त्यांनी ती भिंतच काढली. सगळं एकत्र ठेवून एका बोलण्याचा गोषवारा साधारण 400 आकड्यांत बसवला, आणि परिस्थितीचा परिणाम त्यानंतर कमी केला. एखादा माणूस दहा मिनिटं बोलो की एक मिनिट, आकडे तेवढेच. असे दोन गोषवारे म्हणजे दोन दिशा. त्यांच्यातला कोन जितका लहान, तितका आवाज एकाच माणसाचा असण्याचा संभव जास्त. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत काही वर्षं या क्षेत्रावर राज्य करत होती.

मग न्यूरल नेटवर्क आली. 2018 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या डेव्हिड स्नायडर आणि सहकाऱ्यांनी हजारो लोकांचे आवाज नेटवर्कला ऐकवून हा गोषवारा 512 आकड्यांत काढायला शिकवलं. आणि गंमत अशी, की जो गोंगाट हटवण्यासाठी संशोधकांनी इतकी वर्षं खर्ची घातली, तोच त्यांनी या आवाजांत मुद्दाम मिसळला: संगीत, घोळक्याची बडबड, खोलीतला घुमणारा प्रतिध्वनी. त्यामुळे नेटवर्कची ओळख आणखी पक्की झाली.