ग्रीक अक्षरांचं बिऱ्हाड

वार लावून जेवलेल्या आजोबांची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच घरांत सांगितली जाते. सोमवारी जोश्यांकडे, मंगळवारी कुलकर्ण्यांकडे, आणि एखाद्या वारी कोणीच नाही म्हणून पाण्यावर. शिकायला परगावी आलेल्या मुलाला पुस्तकांच्याही आधी पाठ टेकायला जागा लागते आणि ताटात काहीतरी. अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटीबद्दल, म्हणजे कॉलेजातल्या मुलांच्या बंधुमंडळाबद्दल, लिहिताना हे आजोबा कशाला, असं वाटेल. हॉलिवूडच्या सिनेमांनी फ्रॅटर्निटी म्हणजे बिअरचे पिंप, उघडीवाघडी पोरं आणि पहाटेचे पोलीस एवढंच दाखवलंय, आणि ते अगदीच खोटं आहे असंही नाही. पण मी जिच्याबद्दल लिहितोय तिचा जन्म ताट आणि खोली या दोन अडचणींतूनच झाला.

न्यू यॉर्क राज्यातलं इथाका हे लहानसं गाव. टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ, खाली वस्ती. १९०४-०५ साली कॉर्नेलमध्ये शिकणारे सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी परतलेच नाहीत. त्यांच्यामागून आलेल्या मुलांनी ही गोष्ट मनाला लावून घेतली. ही मुलं खाली गावात काळ्या कुटुंबांकडे राहायची, अभ्यासाला त्यांच्याच दिवाणखान्यात जमायची. सिंगल्टन दांपत्य त्यांतलंच एक. सिंगल्टनबाईंना संस्थेच्या इतिहासात आजही 'मदर' म्हणतात. फी भरायची तर काम हवं, म्हणून काहीजण टेकडीवरच्या गोऱ्या मुलांच्या फ्रॅटर्निटी हाउसमध्ये वाढप्याचं काम करत.

ग्रीक अक्षरांचं नाव घेतलेली पहिली विद्यार्थी मंडळी म्हणजे फाय बीटा कॅपा, १७७६ सालची, व्हर्जिनियातली. पुढच्या शतकात अशा मंडळ्यांचं पीक आलं आणि त्यांनी स्वतःचे वाडे बांधले. वाढपी म्हणून या वाड्यांत वावरणाऱ्याला आतलं सगळं दिसतं. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला कसा हाताशी धरतो, जुना सभासद भेटायला येतो तेव्हा कोणाला कोपऱ्यात घेऊन बोलतो, नोकरीची गोष्ट जेवणाच्या टेबलावरच कशी निघते. बशा उचलता उचलता या मुलांनी ते सगळं टिपलं असणार.

आधी त्यांचं नुसतं अभ्यास मंडळ होतं, आणि ते जमवण्यात चार्ल्स पॉइंडेक्स्टर या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याचा पुढाकार होता. पुढे वाद झाला. मंडळ साहित्यचर्चेपुरतं ठेवायचं, की गोऱ्यांसारखी शपथ-खुणांची फ्रॅटर्निटी काढायची? पॉइंडेक्स्टर फ्रॅटर्निटीच्या विरोधात होते. ४ डिसेंबर १९०६ रोजी निर्णय झाला, 'अल्फा फाय अल्फा' उभी राहिली आणि ते बाहेर पडले. आज संस्थापक म्हणून सात नावं घेतली जातात, त्यांत ज्यांनी पोरं गोळा केली त्यांचंच नाव नाही. आपल्याकडच्या गणेश मंडळांचे इतिहास ठाऊक असणाऱ्याला याचं नवल वाटणार नाही.

त्याच दशकात इकडे कोल्हापुरात शाहू महाराज बोर्डिंगं उघडत होते. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क होस्टेल. फरक एवढाच की कोल्हापुरातल्या मुलांच्या पाठीशी राजा होता. इथाकातल्या मुलांना राजा नव्हता, म्हणून त्यांनी एक युक्ती काढली, आणि माझ्या मते या संस्थेचं खरं यंत्र ती युक्तीच आहे: पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला सोडायचंच नाही.

शाखांना ग्रीक वर्णमालेप्रमाणे नावं मिळत गेली. कॉर्नेलची अल्फा, हॉवर्ड विद्यापीठाची बीटा, मग गॅमा, अशी. १९११ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला पदवीधरांची स्वतंत्र शाखा निघाली, तिचं नाव 'अल्फा लॅम्डा'. नावाच्या शेवटी लॅम्डा आला की ती माजी विद्यार्थ्यांची शाखा, हा पायंडा तिथून पडला. त्या काळी काळा डॉक्टर किंवा वकील कितीही शिकलेला असला तरी दक्षिणेत गोऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे, क्लबाची दारं बंद असत. परगावी उतरायचं ते ओळखीच्याच घरी. अशा वेळी लॅम्डा शाखेतला एक पत्ता खिशात असणं म्हणजे काय, हे सांगायला नको.

१९३५ साली या यंत्राची ताकद दिसली. डोनाल्ड गेन्स मरे या पदवीधराला मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाने केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला. फ्रॅटर्निटीने खटला हाती घेतला आणि बेलफोर्ड लॉसन या आपल्याच वकील सभासदाला कामाला लावलं. कोर्टात मरेच्या बाजूने उभे राहिले चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचा शिष्य थर्गुड मार्शल. अशील अल्फा, वकीलही अल्फा. जून १९३५ मध्ये निकाल मरेच्या बाजूने लागला, जानेवारी १९३६ मध्ये अपिलातही तो टिकला, आणि १९३८ मध्ये मरे तिथूनच वकील होऊन बाहेर पडला. मार्शल पुढे शाळांतल्या वर्णभेदाविरुद्धच्या १९५४ च्या खटल्यात लढले आणि १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. माजी विद्यार्थ्यांची मदत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर स्नेहसंमेलन आणि हॉलला दिलेला पंखा येतो. इथे तिने कॉलेजचं दार उघडलं.

आता आजचं चित्र. कृष्णवर्णीय फ्रॅटर्निटींच्या बहुतेक शाखांना वाडा नाही. असतो तो 'प्लॉट'. कॅम्पसवरचं एखादं झाड किंवा बाक, त्यावर रंगवलेली अक्षरं. अल्फांचे रंग काळा आणि जुन्या सोन्याचा. दुपारी दोन तासांच्या मध्ये सगळे तिथे टेकतात. एकमेकांना हाक मारायची ती 'फ्रॅट' म्हणून. नवी तुकडी आत आली की तिला 'लाइन' म्हणतात. उंचीप्रमाणे उभं करून प्रत्येकाला क्रमांक मिळतो, आणि तो जॅकेटवर मिरवला जातो. मग स्टेप शो. वाद्य नाही, फक्त बूट आणि तळहात. एकजण ओरडून ओळ टाकतो, बाकीचे टाच आपटून उत्तर देतात, गुडघ्याखालून टाळी निघते आणि लाकडी रंगमंचच ढोल होतो. लेझीम खेळलेल्याला यातली शिस्त लगेच कळते: एकाचा पाय चुकला की सगळी रांग उघडी पडते.

कॉलेजच्या शाखेवर लॅम्डा शाखेचा एक सल्लागार नेमलेला असतो. हिशेब बघणं, गुण घसरले तर कान धरणं, मतदार नोंदणीच्या मोहिमेला पोरं जुंपणं ही त्याची कामं. शिष्यवृत्त्याही लॅम्डा शाखा देतात.

या बंधुभावाची काळी बाजू झाकून चालणार नाही. 'आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा' हे तत्त्व जिथे शिरतं तिथे मारहाण, उपाशी ठेवणं, रात्र रात्र जागवणं सुरू होतं. आपण त्याला रॅगिंग म्हणतो. महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९९९ मध्ये कायदा केला. तिकडे काळ्या फ्रॅटर्निटींनी १९९० मध्ये नव्या सभासदांच्या उमेदवारीचा जुना काळच एकत्रितपणे बंद केला, तरी प्रकार थांबले नाहीत, ते भूमिगत झाले. डिसेंबर २०२४ मध्ये संघीय कायदा आला. गंमत म्हणजे, कडक नियम मोडून गुपचूप 'खरी' दीक्षा देणाऱ्यांत कधीकधी माजी सभासदही सापडतात. ज्या नात्यावर संस्था उभी, त्याच नात्याचं ओझं पोरांच्या पाठीवर.

त्याच नात्याची उजळ बाजूही आहे. वॉशिंग्टनला मार्टिन ल्यूथर किंग यांचं स्मारक आहे, तीस फुटी. किंग १९५२ मध्ये बॉस्टनच्या शाखेत दाखल झाले होते. स्मारकाची कल्पना अल्फांनी १९८४ मध्ये मांडली, संसदेची परवानगी १९९६ मध्ये मिळाली, पैसा गोळा करण्यात वर्षं गेली. लोकार्पण २८ ऑगस्ट २०११ ला ठरलं, तर चक्रीवादळ आलं. शेवटी १६ ऑक्टोबरला झालं. सत्तावीस वर्षं एक काम लावून धरायचं तर वर्षागणिक बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोरावर ते होत नाही.

एक धागा आपल्याकडेही येतो. विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे अल्फा फाय अल्फाचे मानद सभासद. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून, निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. अस्पृश्यांसाठीही असंच काही करावं, हा विचार त्यामागे होता. ड्यू बॉइस यांनी त्याच वर्षी जुलैत उत्तर पाठवलं.

वर्णमालेतलं शेवटचं अक्षर, ओमेगा, या संस्थेने कुठल्याही कॉलेजला दिलेलं नाही. ती शाखा दिवंगत सभासदांसाठी राखून ठेवलीय. अल्फा माणूस मेला असं म्हणत नाहीत, तो ओमेगा शाखेत गेला म्हणतात. सात संस्थापकांपैकी चार्ल्स चॅपमन तिथे पहिले गेले, १९३४ मध्ये. हेन्री आर्थर कॅलिस सगळ्यांत शेवटी, १९७४ मध्ये.