आयर्लंडमधील विवाह : शेत आणि हुंडा

एकोणिसाव्या शतकातील ग्रामीण आयर्लंडमध्ये विवाह म्हणजे दोन शेतकरी कुटुंबांमधील आर्थिक व्यवहारच असे. मध्यस्थ स्थळ सुचवी. वधूपिता वराची जमीन व गुरे पाहून हुंडा ठरवी. लेंट या ख्रिस्ती उपवासकाळात विवाह वर्ज्य असल्याने त्यापूर्वी लगीनघाई उडे. काही भागांत लग्नघरी पेंढ्याचे मुखवटे घातलेले अनाहूत तरुण येऊन नाचत.

१८४५ ते १८५२ च्या महादुष्काळानंतर जमीन न विभागता एकाच मुलास देण्याची रीत दृढ झाली. सुनेने आणलेल्या हुंड्यातून अनेकदा नणंदेचा हुंडा दिला जाई. उरलेल्या भावंडांपैकी अनेकांच्या वाट्याला अविवाहित आयुष्य वा परदेशाची वाट येई. शेत अखंड राखण्याची किंमत त्यांनी मोजली.